नकाशावर बोटभर

१४ सप्टेंबर २०२३ला युक्रेनच्या उपसंरक्षणमंत्री हान्ना मालियार यांनी जाहीर केलं की बाखमुतच्या दक्षिणेचं आंद्रीव्का हे गाव आपल्या सैन्याने सोडवलं. काही तासांतच तिसऱ्या असॉल्ट ब्रिगेडचं निवेदन आलं. त्या गावासाठी लढत होती ती हीच ब्रिगेड. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की ही बातमी खोटी आहे, घाईची आहे, तिथे अजून जोरात लढाई चालू आहे आणि असल्या घोषणांनी आमच्या माणसांच्या जिवाला धोका होतो. मालियार यांनी विधान मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी सैन्याच्या मुख्यालयाने, म्हणजे जनरल स्टाफने, आंद्रीव्का घेतल्याचं रीतसर जाहीर केलं आणि जगाच्या लेखी तो विषय मिटला. इतिहासात आता १५ सप्टेंबर अशी नोंद राहील आणि मधला दिवस गळून पडेल. माझ्या मनातून मात्र तो दिवस जात नाही. एका मंत्र्याच्या घोषणेत गाव मोकळं झालेलं होतं आणि त्याच वेळी त्या गावाच्या पडक्या भिंतींआड, तळघरांच्या तोंडाशी, माणसं एकमेकांना मारत होती. मी हजारो किलोमीटर लांब बसून दोन्ही बातम्या एकाच पडद्यावर, एकीखाली एक वाचत होते. पहिली वाचून मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचं काय करायचं?

त्या उन्हाळ्यात, म्हणजे रशियाने घेतलेली जमीन परत मिळवायला युक्रेनने मोठा प्रतिहल्ला चढवला होता तेव्हा, माझी सकाळ नकाशाने सुरू व्हायची. वॉशिंग्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉरचा रोजचा अहवाल तिकडच्या संध्याकाळी निघतो, म्हणजे आपल्याकडे चहाच्या वेळेला हातात पडतो. तो वाचायचा, मग डीपस्टेट हा युक्रेनी नकाशा उघडायचा. रशियाच्या ताब्यातला भाग लाल, परत मिळवलेला हिरवा आणि दोहोंच्या मधे, कुणाचा ते नक्की सांगता येत नाही असा, राखाडी पट्टा. ओरिखीव, रोबोतिने, तोकमाक, वेलिका नोवोसिल्का ही दक्षिण आघाडीवरची नावं सांगली-मिरजेइतकी तोंडात बसली. दोन बोटांनी नकाशा मोठा करायचा आणि कालच्यापेक्षा हिरवं काही वाढलंय का ते बघायचं. बहुतेक दिवशी काहीच वाढलेलं नसायचं. कधी एखादी झाडांची रांग, कधी एखाद्या शेताचा कोपरा. मोठ्या केलेल्या नकाशावर बोटभर, आणि बोटं मिटून नकाशा लहान केला की तेवढंही नाही. त्या नकाशातला मला सगळ्यात प्रामाणिक वाटायचा तो राखाडी रंग. तिथे निदान कुणी खात्री असल्याचा आव आणत नव्हतं.

खात्री कशाची वाटणार, हाच तर प्रश्न होता. ४ जूनला युक्रेनच्या संरक्षण खात्याने एक छोटी चित्रफीत काढली. सैनिक एकामागून एक कॅमेऱ्याकडे बघतात आणि ओठांवर बोट ठेवतात. योजनांना शांतता आवडते, सुरुवातीची घोषणा होणार नाही, एवढाच मजकूर. दोन दिवसांनी काखोव्का धरण फुटलं आणि नीपर नदीच्या खालच्या अंगाची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्याच सुमारास रशियाच्या संरक्षण खात्याने हेलिकॉप्टरमधून टिपलेली, लेपर्ड रणगाडे उडवल्याची म्हणून एक चित्रफीत दाखवली. बारकाईने बघणाऱ्यांनी, अगदी रशियाच्याच बाजूच्या युद्धलेखकांनीही, दाखवून दिलं की ती शेतीची यंत्रं आहेत. मग दोन-तीन दिवसांत माला तोकमाच्काजवळची छायाचित्रं आली आणि ती मात्र खरी होती. सुरुंगांच्या पट्ट्यात अडकलेला लेपर्ड आणि त्याला खेटून उभ्या, सोडून दिलेल्या ब्रॅडली चिलखती गाड्या. ती छायाचित्रं पुढे कितीतरी दिवस फिरत राहिली. तोच घोळका वेगवेगळ्या कोनांतून, वेगवेगळ्या उजेडात, आणि दर वेळी वाटायचं की आणखी एक तुकडी संपली. गाड्यांवरच्या खुणा, शेजारचा खड्डा, उघडं राहिलेलं दार जुळवून बघितल्यावर कळायचं की या कालच्याच गाड्या आहेत. ज्याच्या ताब्यात जमीन त्याला पडलेल्या गाड्यांचे फोटो काढता येतात. दुसऱ्या बाजूचं नुकसान तिकडेच, त्यांच्या मागे राहतं. ओरिक्ससारखे गट फक्त ज्याचा फोटो आहे तेवढंच नुकसान मोजतात. त्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं, पण त्या मोजणीत कॅमेरा पोचला नाही ते सगळं बाहेर राहतं हे रोज स्वतःला सांगावं लागायचं.

जागा जुळवणाऱ्यांचं काम मी तासन्‌तास बघितलं आहे. ड्रोनमधून काढलेली वीस-तीस सेकंदांची चित्रफीत येते. त्यात एक खंदक, धूर, पळणारी दोन माणसं. गावाचं नाव कुठेच नसतं. तिकडच्या गवताळ मैदानात शेतांच्या बांधाला वारा अडवण्यासाठी सोव्हिएत काळात लावलेल्या झाडांच्या लांबच लांब रांगा आहेत. सगळी लढाई याच रांगांच्या आसऱ्याने चाललेली. हे लोक त्या रांगेत नेमकी कुठे फट आहे, रस्ता कोणत्या कोनात वळतो, विजेचे खांब किती अंतरावर आहेत, कोपऱ्यात पाण्याची टाकी किंवा धान्याचं कोठार दिसतं का ते बघतात, उपग्रहाच्या जुन्या छायाचित्राशी ताडतात आणि मग अक्षांश-रेखांश देतात. मी एकदा एका चित्रफितीची जुळणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघितली. फांद्या तुटलेल्या तीन झाडांपाशी येऊन ती जुळली आणि आनंद झाला. आणि मग लक्षात आलं की इतका वेळ त्या चौकटीत एक माणूस पडलेला होता आणि मी त्याच्या डोक्यावरून झाडं मोजत होते.

त्या रात्री नकाशा मिटून ठेवला.

आणि इतकं करून कळतं काय, तर अमुक दिवशी अमुक जागी अमुक सैन्याची माणसं होती. तीही चित्रफीत टिपली त्या दिवशी. ब्रिगेडी मुद्दाम दोन-तीन दिवस थांबून चित्रफिती सोडायच्या, म्हणजे शत्रूला आपली जागा कळू नये. गावात झेंडा लावला म्हणजे गाव घेतलं असंही नाही. झेंडा लावून परत फिरावं लागलेल्या तुकड्या दोन्ही बाजूंना होत्या. नकाशा त्यामुळे कायम शिळा, आणि जितका काळजीपूर्वक केलेला तितका जास्त शिळा.

नासाचा आगींचा नकाशाही बघायचे. जमिनीवर कुठे नेहमीपेक्षा जास्त उष्णता आहे ते उपग्रह टिपतात आणि काही तासांत कुणालाही बघता येईल असा लाल चौकोन उमटतो. एक चौकोन साधारण ३७५ मीटरचा. लढाई कुठे पेटली आहे ते यावरून कळेल म्हणून युद्धाचे अभ्यासक तो वापरू लागले होते. मी कऱ्हाडकडची. हिवाळ्यात ऊसतोड झाली की आमच्याकडे पाचट पेटवतात. संध्याकाळी रानावर काळा धूर, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी कुसळं, आणि वास दोन दिवस हटत नाही. उत्सुकता म्हणून एका जानेवारीत तोच नकाशा कृष्णाकाठावर आणला, तर आमच्या शिवारात, ज्या रानातलं पाचट आदल्या दिवशी पेटलेलं मला फोनवर सांगितलं होतं तिथेच, लाल चौकोन. अगदी युक्रेनच्या झापोरिझ्झिया प्रांतात दिसतात तसाच. उपग्रहाला उष्णता तेवढी कळते. जुलै-ऑगस्टमध्ये युक्रेनच्या दक्षिणेला गहू वाळून कडकडीत झालेला असतो. एक गोळा पडला की मैलभर शेत पेटतं, आणि कापणी झाल्यावर शेतकरीही धसकटं जाळतात. तेव्हा चौकोन दिसला की मी आधी विचारायचे, हे रान कोणतं, या महिन्यात तिथे काय असतं, आघाडीपासून किती लांब, आणि तीन दिवस त्याच रेषेवर चौकोन उमटतायत का? ही सवय मला आमच्या पाचटाने लावली.

आशा मात्र नकाशातून आलेली नव्हती. ती आदल्या वर्षातून आली होती. आमच्या शेजारची मुलगी खारकीवला मेडिकलला होती. २०२२च्या मार्चमध्ये ऑपरेशन गंगाच्या विमानाने परत आली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं जग खेरसनकडे डोळे लावून बसलेलं असताना युक्रेनने खारकीवच्या बाजूने मुसंडी मारली. ८ तारखेला बालाक्लिया, १० तारखेला कुपियान्स्क आणि इझ्यूम. ती धावत आली. "मावशी, कुपियान्स्क गेलं म्हणजे त्यांचं सगळंच गेलं बघा, सगळ्या रेल्वे तिथूनच जातात!" तिच्या वर्गातल्या एका मुलीचं घर तिकडचं होतं. मी किलोमीटर विचारत होते आणि ती सांगत होती की खारकीवच्या उत्तर साल्तिव्का वस्तीत आता तोफगोळे पोचत नाहीत, तिच्या जुन्या घरमालकीण बाई तळघरातून वर येऊन स्वतःच्या पलंगावर झोपायला लागल्या. क्षेपणास्त्रं पडत होतीच, पण तोफा मागे हटल्या होत्या. आघाडी किती सरकली याचं इतकं नेमकं माप मला त्यानंतर कुठल्याच अहवालात मिळालं नाही.

खेरसनचं त्याच्या उलट. २९ ऑगस्टला तिथला हल्ला सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीची एक मुसंडी सोडली तर दोन महिने नकाशावर फारसं काही हललं नाही. माणसं मात्र खूप पडत होती. युक्रेन नीपरवरच्या अंतोनिव्का पुलावर हायमार्सचे रॉकेट टाकत होता, तराफ्यांवर मारा करत होता आणि नीपरच्या उजव्या काठावरच्या रशियन फौजेची रसद आवळत चालली होती. यातलं काही जमिनीच्या रंगात उमटत नव्हतं. मग नोव्हेंबरमध्ये रशियाने तो काठच सोडला आणि ११ तारखेला खेरसनच्या चौकात लोक सैनिकांच्या गळ्यात पडून रडत होते. म्हणून २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये जेव्हा हिरवं वाढेना तेव्हा अनेक जाणकार म्हणाले की खेरसनही असंच होतं, आधी काही नाही आणि मग एकदम. मलाही ते पटण्यासारखं वाटायचं. पण खेरसनला रशियन फौजेच्या पाठीशी मोठी नदी होती आणि मोजके पूल. तोकमाकच्या समोर बसलेल्या फौजेच्या पाठीशी तशी नदी नव्हती. होत्या त्या खंदकांच्या एकामागे एक रांगा, रणगाडे अडवणारे चर, काँक्रीटचे सुळके, रेल्वे आणि रस्ते. हे सगळं उपग्रहाच्या छायाचित्रांत हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून कुणालाही दिसत होतं. जे दिसत नव्हतं ते, कोण आधी थकेल.

आणि सुरुंग. संरक्षणमंत्री रेझ्निकोव्ह यांनी त्या ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की काही ठिकाणी एका चौरस मीटरला तीन, चार, पाच सुरुंग आहेत. आपल्या बसायच्या खोलीएवढी जागा डोळ्यांसमोर आणून बघा. गुडघाभर वाढलेलं गवत, वर ड्रोन, आणि सुरुंग काढणारा माणूस पोटावर पडून हातभर पुढे सरकतोय, हाताने चाचपतोय. जून उलटायच्या आत मोठमोठ्या गाड्यांचे ताफे पाठवणं बंद झालं आणि दहा-वीस माणसांच्या तुकड्या झाडांच्या रांगांमधून चालत जाऊ लागल्या. बातम्यांत याला संथ प्रगती म्हणत होते. हल्ल्याची पद्धतच बदलली हे मला त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं वर्तमान वाटलं होतं. सैन्य आपली माणसं वाचवायला शिकतंय असंही त्यातून दिसत होतं आणि मूळ योजना मोडली असंही. युद्धाआधी जेमतेम पाचशे वस्तीचं रोबोतिने ओरिखीवच्या दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. ते घेतल्याचं २८ ऑगस्टला जाहीर झालं. तोवर गावात छप्पर असलेलं घर उरलेलं दिसत नव्हतं.

त्याच दिवसांत एक गोष्ट अहवालांतून पुढे आली. रशियाने आपल्या ७६व्या हवाई हल्ला डिव्हिजनच्या तुकड्या दुसऱ्या आघाडीवरून काढून रोबोतिनेकडे आणल्या. मी ती दोनदा वाचली. चांगल्यातली चांगली फौज इकडे आणावी लागली, म्हणजे ओळ फाटायला आलीय, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की आणायला त्यांच्याकडे अजून शिल्लक आहे आणि ती वेळेवर पोचतेही आहे. बातमी एकच. दोघांचाही तर्क सरळ होता. मला पहिल्याचं खरं व्हावं असं मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच मी दुसऱ्याचं पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

घोषणा आणि जमीन यांच्यामधला काळ आपल्याकडेही लोकांनी काढलेला आहे. १९९९च्या जून-जुलैत कारगिलची रोजची पत्रकार परिषद लागायची तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर वाडीतली माणसं दाटीवाटीने बसलेली असत. १३ जूनला तोलोलिंग, मग ४ जुलैला टायगर हिल. टायगर हिल घेतलं हे ऐकून बाहेर फटाके वाजले. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की शिखराच्या भोवतालची झुंज ८ जुलैपर्यंत चालू होती. सातारा भागात घरटी फौजेत माणूस असलेली गावं आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा तेव्हा तिकडे वर होता. फटाके वाजत असताना त्याची आई ओट्यावर बसून राहिलेली मला आठवते. कुणीतरी पेढा पुढे केला, तर म्हणाली, "त्याचं पत्र येऊ दे, मग खाईन." पत्र आलं, मुलगाही आला. पण त्या चार दिवसांत तिला जे माहीत नव्हतं ते दिल्लीत टेबलाशी बसलेल्यांनाही पुरतं माहीत नसणार, असं आता वाटतं.

कारण माहिती अपुरी असते ती आपल्यासारख्या लांबच्याच लोकांना, असं मुळीच नाही. १ नोव्हेंबर २०२३ला युक्रेनचे सरसेनापती जनरल झालुझ्नी यांचा लेख आणि मुलाखत 'इकॉनॉमिस्ट'मध्ये आली. पहिल्या महायुद्धासारखी कोंडी झाली आहे आणि खोलवर जाणारी देखणी मुसंडी बहुधा होणार नाही, हे त्यांनी उघड मांडलं. पाच महिन्यांत मिळालेली मजल साप्ताहिकाने १७ किलोमीटर सांगितली. त्याहून मला हलवून गेलं ते त्यांचं दुसरं विधान. रशियाची इतकी माणसं मेल्यावर तो थांबेल असं मला वाटलं, दुसरा कुठलाही देश थांबला असता, ती माझी चूक होती, असं ते म्हणाले. ज्या माणसाकडे ड्रोन होते, हेर होते, मित्रराष्ट्रांचे उपग्रह होते, ज्याला आपल्या प्रत्येक ब्रिगेडची शिल्लक माहीत होती, त्याचा अंदाज तिथे चुकला जिथे कोणताच उपग्रह पोचत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फुटलेल्या अमेरिकी कागदपत्रांत या हल्ल्यातून फार थोडी जमीन मिळेल असा अंदाज नोंदवलेला होता. जमिनीपुरता तो बरोबर ठरला. पण त्याच शरद ऋतूत युक्रेनने सेवास्तोपोलची गोदी आणि काळ्या समुद्रातल्या ताफ्याचं मुख्यालय गाठलं, रशियाची जहाजं पूर्वेकडे सरकली आणि ओडेसातून धान्याची जहाजं पुन्हा निघाली. लाल-हिरव्या नकाशावर समुद्र नुसताच निळा राहिला. मला वाटतं, जे लोक त्या नोव्हेंबरमध्ये सगळं वाया गेलं म्हणाले त्यांनी समुद्राकडे बघितलंच नव्हतं. आणि जे समुद्र दाखवून सगळं ठीक आहे म्हणाले त्यांनी रोबोतिनेकडे जाणाऱ्या झाडांच्या रांगा बघितल्या नव्हत्या. मे २०२४मध्ये रशियाने रोबोतिने परत घेतल्याचं जाहीर केलं.

मालियार यांना १८ सप्टेंबरला, म्हणजे आंद्रीव्काच्या त्या घोळानंतर चारच दिवसांनी, पदावरून काढलं. मला ते वाचताक्षणी दोन्ही गोष्टी जोडाव्याशा वाटल्या. आसपासच्या बऱ्याच जणांनी जोडल्याही. पण संरक्षणमंत्री नुकतेच बदलले होते आणि नवे मंत्री आल्यावर एकूण सहा उपमंत्री त्याच दिवशी गेले. एकामागून एक घडलं एवढंच आपल्याला दिसलं होतं. त्या बाई दर सोमवारी किती चौरस किलोमीटर जमीन सोडवली ते सांगायच्या. आकडा लहान असायचा आणि तो सांगताना तुकड्यांचं कौतुक त्या न विसरता करायच्या. एका वाट पाहणाऱ्या देशाला दर आठवड्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि देणाऱ्याच्या हातात असतो तो खालून वर, वरून आणखी वर आलेला निरोप. तो निरोप कुठेतरी एक दिवस लवकर निघाला. मला त्यांचा राग आला नाही. ब्रिगेडने मात्र तेव्हाच्या तेव्हा, आपल्याच सरकारला, सगळ्यांसमोर खोडून काढलं, ते मला फार मोठं वाटलं. लढणारा माणूस म्हणतोय की अजून नाही. अशा वेळी बाकी सगळ्यांनी आपला रंगाचा कुंचला खाली ठेवावा.

६ ऑगस्ट २०२४ला युक्रेनची फौज रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसली तेव्हा कीव्हमधून चकार शब्द आला नाही. ना चित्रफीत, ना चौरस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख गेरासिमोव्ह यांनी पुतिनना सांगितलं की आगेकूच थांबवली आहे. मी तेव्हा नकाशा उघडलाच नाही. कोणत्या तालुक्यातली माणसं हलवायला सांगितली आहेत, ती नावं रोज वाचत गेले, आणि नावं वाढत होती. मग ११ तारखेला रशियाच्या संरक्षण खात्याचं निवेदन आलं. तोल्पिनो आणि ओब्शी कोलोदेझ या गावांपाशी शत्रूचा पुढे घुसण्याचा प्रयत्न हाणून पाडला, असा तो विजयाचा मजकूर. ती गावं सरहद्दीपासून किती आत आहेत ते मोजलं. पंचवीस-तीस किलोमीटर. एवढ्या दिवसांत दोन्ही बाजूंकडून मिळालेली ही सगळ्यात भरवशाची माहिती होती. त्याच आठवड्यात डोनबासमध्ये पोक्रोव्स्कच्या दिशेने रशियन फौज एकेक खेडं घेत सरकत होती, आणि कुर्स्कला पाठवलेल्या ब्रिगेडी तिकडे हव्या होत्या की नाहीत यावर लोक हिरिरीने भांडत होते. मी दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी उघडले, तारीख लिहिली आणि दोन्हींखाली पेन्सिलीने फक्त गावांची नावं लिहून ठेवली.